भाकरी थापणार कोण?

२०१८-१९च्या सुमारास महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत एक नवीच फाळणी झाली होती. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर उभा असलेला त्यांचा नेम असा, की खरी भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा जेवायचं, जेवण ५५ मिनिटांच्या आत उरकायचं आणि मधल्या वेळात तोंड बंद. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकरांचं ऐकणारे: आपल्या भागातलं, हंगामातलं, आजी करायची तसं खा, तुपाला भिऊ नका, उपाशी राहू नका. सोसायटीच्या गणपतीत मोदकांचं ताट पुढे आलं की निम्मे लोक घड्याळाकडे बघायचे. सासू दीक्षित आणि सून दिवेकर अशी घरं होती, आणि मुलगा दोघींचं ऐकून घेऊन रात्री अकराला फोनवरून बिर्याणी मागवायचा.

दोन्ही बाजूंनी पुष्कळांचं भलं झालं असणार. पोटात काय जातं याकडे माणसं निदान बघायला लागली. पण त्या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कोणाच्या तोंडून निघत नव्हती. घरात तीन माणसांची तीन पथ्यं असली तर गॅस किती वेळा पेटतो आणि तो पेटवतं कोण? काय खावं, कधी खावं, किती वेळा खावं यावर सभागृहं भरली. ते करायचं कोणी, यावर एकही व्याख्यान झाल्याचं माझ्या कानावर नाही. पथ्य एकाचं आणि राबणं दुसऱ्याचं, ही वाटणी इतकी अंगवळणी पडलेली आहे की ती वाटणी आहे हेही जाणवत नाही.

आपण चुकीचं खातो याचं कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: जिभेवर ताबा नाही. मला हे उत्तर फार सोयीचं वाटतं. सगळा दोष खाणाऱ्याच्या मनावर ढकलला की बाकी कशालाच हात लावावा लागत नाही. कामाच्या तासांना नाही, रेशनच्या दुकानाला नाही आणि घरातल्या पुरुषाला तर नाहीच. चटपटीत, तळकट, पाकिटातलं सोडून नीट जेवायला लागणं हे मनाच्या निग्रहाने होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ आणि हात मिळाले तर होतं, असं मला म्हणायचं आहे.

वडापावचंच घ्या. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. या गोष्टीत पाककृतीपेक्षा जागा महत्त्वाची आहे. स्टेशन. गिरणीची पाळी सुटून घरी निघालेला किंवा पाळीवर निघालेला माणूस. त्याला ताट नको, बाक नको, चमचा नको. एका हातात मावेल, दुसऱ्या हाताने गाडीची कडी धरता येईल असं काहीतरी हवं. १९८२च्या संपानंतर बेकार झालेल्या कित्येक गिरणी कामगारांनी याच वड्याच्या गाड्या टाकल्या. म्हणजे आधी जो खात होता, तोच पुढे तळायला लागला.

आता गिरण्या नाहीत, पण घड्याळ तेच आहे. संध्याकाळी साडेसातनंतर ठाणे किंवा डोंबिवली स्टेशनबाहेर पाच मिनिटं थांबून बघा. झाऱ्यातून वडे निथळून परातीत पडतात न पडतात तोच संपतात. गाडीवाला अंगठ्याने पाव उघडतो, एका अंगाला लसणाची सुकी चटणी, दुसऱ्याला हिरवी, वडा दाबतो, कागदाच्या चौकोनावर ठेवून वर मिठात घोळलेली तळलेली मिरची टाकतो. घेणारा माणूस दुपारी साडेबाराला डबा खाऊन आता तिथे उभा आहे. रिक्षाची रांग, घर, आंघोळ. पानावर बसायला साडेनऊ. मधले नऊ तास; त्यातले सात त्याने दोन कटिंग आणि चार बिस्किटांवर काढलेत. त्याच्याजवळ जाऊन ‘अहो, यात मैदा आणि तळण आहे’ असं सांगणाऱ्याने आधी त्याच पैशांत, तितक्याच वेळात, तितकंच गरम दुसरं काय मिळतं ते दाखवावं. उकडलेले चणे मिळत नाहीत. मुगाचं धिरडं मिळत नाही. एकेकाळी भाजलेल्या शेंगा आणि फुटाणे तरी कोपऱ्याकोपऱ्यावर असत. आता त्या जागी वेफर्सच्या पाकिटांच्या माळा लटकतात.

तो ज्या लोकलने आला तिच्याच बायकांच्या डब्यात बघितलं तर दुसरं चित्र दिसतं. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, दोन बोटांनी गवारीच्या शेंगेचं टोक मोडून शीर ओढायची, शेंग पिशवीत, शीर कागदात. कोणी मेथीची जुडी सोडून पानं खुडतंय, कोणी मटार सोलतंय. घाटकोपरपासून कल्याणपर्यंत रात्रीची भाजी निवडून होते. मुंबईत हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की त्यावर कौतुकाचे लेख येतात, ‘मुंबईची स्त्री किती कर्तबगार’ वगैरे. कौतुक राहू द्या. एकाच लोकलने आलेल्या दोघांपैकी एक उतरून वड्याच्या गाडीवर खातो आणि दुसरी लोकलमध्येच स्वयंपाकाला लागलेली असते, एवढंच मला दाखवायचं आहे. उद्या त्या घराने ठरवलं की आता आरोग्याचं खायचं, तर त्या ठरावाची अंमलबजावणी कोणाच्या मांडीवर होणार आहे हे उघड आहे.

आकडेही हेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या. पुरुषांत मुळात चारातला एकच घरकामाला हात लावत होता, आणि जो लावत होता त्याची सरासरी ९७ मिनिटं. २०२४ची पाहणी आली तेव्हा बायकांची मिनिटं २८९वर आली होती. पुरुषांची? ८८. बायकांची १० मिनिटं कमी झाली आणि पुरुषांचीही ९ घटली. बायकांच्या हातून सुटलेलं काम पुरुषांनी उचललं, असं काही झालेलं दिसत नाही. काही मिक्सरने उचललं असेल, काही पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींनी, आणि बरंचसं पाकिटाने. दोन मिनिटांच्या नूडल्स आपल्याकडे १९८३ साली आल्या. त्यांच्या जाहिरातीतली आई आठवून बघा. कंपनीला जे कळलं होतं ते आपल्या आहारतज्ज्ञांना कळायला इतका उशीर का व्हावा? विकली जात होती ती दोन मिनिटं.

आता भाकरीकडे येतो, कारण हल्ली आरोग्याच्या प्रत्येक गप्पेत ती येते. गहू सोडा, ज्वारी खा. सल्ला वाईट नाही. पण भाकरी शहरात मागे का पडली याचं एक कारण परातीतच आहे. कणीक सकाळी मळून झाकून ठेवता येते, फ्रिजमध्ये टाकता येते, संध्याकाळी लाटता येते, कोणालाही लाटता येते. ज्वारीच्या पिठात कणकेसारखा चिकटपणा नसतो. तिला आधणाचं पाणी लागतं, एकेका भाकरीपुरता गोळा तळहाताच्या टाचेने रगडून मळावा लागतो आणि लगेच थापावा लागतो. थांबला की चिरा पडल्याच. थापताना कडा बोटांनी आत घ्यायची, परात फिरत राहायला हवी. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी पुरतं वाळायच्या आत उलटायची, आणि मग आचेवर फुगवायची. दळूनही फार दिवस ठेवता येत नाही. पिठाची विरी गेली की अन्नपूर्णा अवतरली तरी भाकरी थापली जात नाही. म्हणजे ताजं दळण, ताजा गोळा, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीचा हात. ज्या घरात संध्याकाळी आठला दोघं दमून येतात तिथे ती चवीत हरलेली नाही, वेळेत हरली.

दुसरं कारण सरकारी गोदामात आहे. ज्वारी-बाजरी हे महाराष्ट्राच्या कोरडवाहू पठाराचं अन्न. सोलापूर-मंगळवेढ्याकडची रब्बीची मालदांडी म्हणजे तर भाकरीतली राणी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. पण स्वस्त धान्य दुकानातून पिढ्यान्‌पिढ्या आलं ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्यांनी खाल्ली, त्यांच्या मनात तर ज्वारीची भाकरी आणि लाचारी यांची गाठच पडली. गव्हाची पोळी सणाला व्हायची, पाहुण्याला वाढली जायची. ती रोज ताटात आली तेव्हा माणसं बिघडत नव्हती. आपण वर चढलो, असंच त्यांना वाटत होतं आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने द्यायची तरतूद झाली. कागदावर ते तांदूळ आणि गव्हाहून स्वस्त होतं. ज्वारीचा पेरा मात्र दशकानुदशकं घटत गेला, कारण कापणी कष्टाची, भाव बेभरवशाचा आणि शेजारी सोयाबीन नाहीतर ऊस. मग २०२३ साली जगाने भरड धान्य वर्ष साजरं केलं, भारताच्याच पुढाकाराने. त्यातून मोठ्या शहरांत ज्वारीची बिस्किटं, ज्वारीचे पोहे, नाचणीचे कुरकुरीत काहीतरी अशी पाकिटं आली. चांगली मालदांडी आता गव्हापेक्षा महाग आहे. ज्याच्या आजोबांनी ती गरिबी म्हणून सोडली, त्याला ती आरोग्य म्हणून परत घ्यायची तर जास्तीचे पैसे मोजावे लागतात.

इथे कोणी म्हणेल, मग आजीचं खाणं परत आणा म्हणजे झालं. आजीच्या जेवणाबद्दलची ही हळवी भाषा मला अलीकडे खुपायला लागली आहे. पहिली गोष्ट, आजीला विचारा. पहाटे जात्यावर किंवा नंतर गिरणीच्या रांगेत, मग चूल, मग धूर, आणि सगळ्यांची पानं उठल्यावर उरेल त्यात स्वतःचं जेवण. ते अन्न पौष्टिक असेल, पण ते शिजवणाऱ्या बाईच्या वाट्याला ते किती येत होतं?

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. ‘घरचं खाणं’ म्हटलं की आपण प्रमाणपत्र दिल्यासारखे बोलतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघंही सडपातळ, दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणारा मराठी माणूस आतून बारीक असतोच असं नाही. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३पासून गरोदर बायकांचा जो अभ्यास सुरू केला, त्यात जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. वजन एवढं कमी, तरी कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली, स्नायू कमी. ही बाळं पिझ्झा खाणाऱ्या आयांची नव्हती. त्या आया शेतात राबत होत्या आणि घरचंच खात होत्या: भाकरी, भात, थोडं कालवण. त्याच अभ्यासात असंही दिसलं की गरोदरपणात ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध होतं त्यांची बाळं चांगल्या अंगाची होती. म्हणजे आमच्या पारंपरिक ताटात धान्य भरपूर आणि बाकीचं बोटाने चाटण्यापुरतं, ही मूळची अडचण आहे. फास्ट फूडने तिच्यावर तेल ओतलं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली आला: देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. याच पाहणीवर बेतलेल्या पुढच्या अभ्यासात दिसलं की भारतीयांच्या खाण्यातली सरासरी ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. परिषदेच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शक सूत्रं धान्याचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत आणायला सांगतात. याचा साधा अर्थ, गव्हाच्या तीन पोळ्यांऐवजी ज्वारीच्या तीन भाकऱ्या खाऊन फारसं साधत नाही. भाकरी दीड, आणि तिच्या शेजारी वाटीभर उसळ, पालेभाजी, जमलं तर अंडं किंवा मासळी. ताटातली भाकरी बदलण्यापेक्षा तिच्या बाजूच्या वाट्या मोठ्या करणं महत्त्वाचं.

आणि उपवास! एकादशी दुप्पट खाशी हे आपलेच लोक सांगून गेलेत. साबुदाण्याची खिचडी ही मराठी माणसाची लाडकी आहे, माझीही आहे, पण साबुदाणा निव्वळ पिष्ट आहे आणि खिचडीत जे काही सत्त्व आहे ते दाण्याच्या कुटाचं. चहाचंही तसंच. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे साधारण तीसबत्तीस ग्रॅम साखर चहातूनच गेली. जागतिक आरोग्य संघटना वरची साखर शक्यतो पंचवीसेक ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. यात कुठल्याही परदेशी साखळी-हॉटेलाचा हात नाही. बर्गरवर तोंडसुख घेण्यात आपला फार वेळ जातो. मोठी बर्गर-साखळी मुंबईत १९९६ साली आली, त्याच्या कितीतरी आधीपासून आपण चहात बिस्किट बुडवत होतो.

तरीही पाकिटबंद खाण्याबद्दल वेगळं बोलायलाच हवं, कारण तिथे मनोनिग्रहाचा सिद्धान्त पुरता कोसळतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल यांनी २० जणांना संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्हीकडे पुढे ठेवलेल्या जेवणात उष्मांक, साखर, चरबी, मीठ, चोथा सारखाच. हवं तेवढं खा. पहिल्या प्रकारात तीच माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन बसली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ किलोभर वाढली. दुसऱ्यात तेवढीच उतरली. माणसं तीच, मनं तीच. बदललं होतं फक्त समोरचं अन्न. ते मऊ, पटकन गिळता येणारं, पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायच्या आत संपणारं. मग ‘पाकीट उघडलं की संपतंच’ असं सांगणाऱ्या मुलाला लोभी म्हणून काय उपयोग? ते संपावं म्हणूनच बनवलेलं आहे. चिली या देशाने २०१६पासून जास्त साखर-मीठ-चरबीच्या पाकिटांवर पुढच्याच बाजूला काळे अष्टकोनी शिक्के मारायला लावले. आपण अजून पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांवर आणि ग्राहकाच्या चष्म्यावर भिस्त ठेवून आहोत.

मग करायचं काय? माझ्या मते उत्तराचा मोठा भाग घराबाहेर आहे, आणि तो आपल्याकडे पूर्वी होताही. गिरणगावात एकटे राहणारे हजारो कामगार कोकणातून, घाटावरून आलेले. ते काही रोज रस्त्यावर खात नव्हते; खानावळीत जेवत होते. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एक बाई वीस-वीस जणांचा स्वयंपाक करायची. चपाती-भाकरी, भाजी, आमटी, भात, वारी मासळी. या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आहाराच्या इतिहासात याची नोंद क्वचित होते, पण माझ्या दृष्टीने दहा आहारग्रंथांपेक्षा हे मोठं काम. १८९० साली महादू बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था हे दुसरं उदाहरण. डबेवाल्याच्या सायकलीचं, खुणांचं, वक्तशीरपणाचं जगाने कौतुक केलं. त्या डब्यातलं अन्न सकाळी नऊच्या आत तयार करणारी मात्र कौतुकाच्या यादीत नसते.

आजचा वारस म्हणजे पोळीभाजी केंद्र. दादर, ठाणे, पुण्यात ते गल्लीगल्लीत आहे. उशिराची गाडी पकडून येणारी बाई तिथून सहा पोळ्या आणि पाव किलो भाजी घेते आणि कोणी तिला नावं ठेवत नाही, निदान तोंडावर. ही केंद्रं चालतात कारण ती बरोबर त्या नऊ तासांच्या आणि त्या २८९ मिनिटांच्या फटीत बसली आहेत. त्यांची उणीव एवढीच, की तिथे पोळी आहे, बटाट्याची भाजी आहे, अळूवडी-साटोऱ्या आहेत. मोड आलेली मटकी, पालकाचं पातळ, डाळ घातलेली मेथी अशा गोष्टी कमी किंवा महाग. का, ते केंद्रवाल्या ताई लगेच सांगतात: पालेभाजी निवडायला बाई लागते, टिकत नाही, उरली तर फेकावी लागते, बटाटा वाट बघतो. हाही पुन्हा हातांचाच हिशेब. नगरपालिकेने स्टेशनजवळ अशा केंद्रांना रास्त भाड्यात गाळे दिले, बचतगटाला निवडलेल्या पालेभाजीचं काम दिलं, तर त्या परिसरातल्या लोकांच्या ताटात जितका फरक पडेल तितका हजार व्याख्यानांनी पडणार नाही.

सरकारने हे करून बघितलं नाही का? बघितलं. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायला केंद्रं काढली. कल्पना सोन्यासारखी. बेसन आणि ज्वारी, कांदा, मिरची. परवडणारं, प्रथिनं असलेलं, ओळखीचं. पण एका रुपयात ते बसत नव्हतं, मोक्याच्या जागा आपल्या माणसांना मिळाल्या, आणि बऱ्याच केंद्रांत झुणका मागे पडून भलतंच विकलं जाऊ लागलं. काही वर्षांत योजना आटोपली. लोक म्हणतात, बघा, लोकांना झुणका-भाकर नकोच होती. मी तसं म्हणणार नाही. हिशेब न बसणारी किंमत ठेवली की कुठलाच पदार्थ टिकत नाही. २०२० साली दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली तेव्हा केंद्रचालकाला वरचे पैसे सरकारने द्यायचे ठरले, हा शहाणपणा होता. पैसे वेळेवर पोचले तर. त्या थाळीत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात असतो. एक उसळ वाढवली असती तर मी आणखी खूश झालो असतो.

या सगळ्यात जिवाला बरं वाटायला जे खातो त्याचं काय? ताप उतरल्यावरचा मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तुपाची धार, पावसातली कांदाभजी, परीक्षेहून आल्यावर आईने पुढे ठेवलेला शिरा. आहारशास्त्राच्या उत्साही लोकांनी या सगळ्यावर एकदम फुली मारली, आणि तिथेच ती चळवळ माणसांपासून तुटली. मेतकूट तर डाळींचंच आहे. दिलासा देणारं अन्न आणि अपायकारक अन्न ही एक यादी नाही. कोल्हापूरची मिसळ रविवारी खाणाऱ्याला काही होत नाही. रोज रात्री दहाला दमून, एकट्याने, फोनकडे बघत मागवलेल्या डब्याने होतं. शिवाय त्यात दिलासाही नसतो. कोणीतरी आपल्यासाठी केलंय, हा दिलाशाचा अर्धा भाग, तो दहा मिनिटांत दारात आणून देता येत नाही. पण म्हणून ‘कोणीतरी’ म्हणजे नेहमी एकच व्यक्ती असावी हेही मला मान्य नाही. ज्या घरात मुलगा आणि मुलगी दोघांना कुकर लावता येतो, मटकी रात्री भिजत घालून सकाळी फडक्यात बांधता येते, त्या घराला आहारतज्ज्ञ निम्माच लागतो. मोड आणायला लागणारा वेळ घड्याळात दीड दिवस असला तरी माणसाचा त्यातला पाच मिनिटंच असतो. बाकी काम मटकी स्वतः करते. अशा आपोआप होणाऱ्या पदार्थांची यादी आपल्या स्वयंपाकात लांब आहे आणि आहाराच्या पुस्तकांनी सुरुवात तिथून करायला हवी होती.

सवय लागते ती मात्र आठ-दहा वर्षांच्या वयात, आणि त्या वयात महाराष्ट्रातली लक्षावधी मुलं दुपारचं एक जेवण सरकारच्या भांड्यातून जेवतात. शालेय पोषण आहाराचा निकष स्पष्ट आहे: पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० आणि २० ग्रॅम. खाण्याची सवय बदलणारी याहून मोठी व्यवस्था आपल्याकडे दुसरी नाही. शाळेच्या पन्नास मीटरच्या आत तेलकट-गोड विकू नका, असा नियम केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केला, तोही ठीकच. पण फाटकाबाहेरचं हटवून फाटकाच्या आत काय देतो? राज्याने २०२३च्या अखेरीस या मुलांना आठवड्यातून एक अंडं द्यायला सुरुवात केली. मुलं त्या दिवसाची वाट बघायची. जानेवारी २०२५मध्ये सरकारने अंड्यांसाठीचा निधी थांबवला; द्यायचं असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं. आणि ती खिचडी रांधणाऱ्या बाईचं मानधन केंद्राने २००९ साली ठरवलं ते महिना १,००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. राज्य त्यात आपली भर घालतं. शंभर-सव्वाशे मुलांसाठी तांदूळ निवडायचा, डाळ धुवायची, पातेलं उचलायचं, वाढायचं, घासायचं. दीक्षित आणि दिवेकर यांच्या भांडणात तिचं मत कोणी विचारलेलं नाही, पण पुढची पिढी काय खाणार याचा निम्मा निकाल तिच्या डावावर आहे, आणि त्या डावाची मजुरी आपण दिवसाला चाळीस रुपयांच्याही आत धरून सुरुवात केली आहे.